बार्जच्या धक्क्याला हवेचे फेंडर: खरेदीपासून पावसाळ्यात उचलून ठेवण्यापर्यंत

मराठीत जेट्टीलाही धक्का म्हणतात आणि आदळण्यालाही. रायगडमधल्या आमच्या खाडीवर बरीच वर्षं हे दोन्ही अर्थ एकत्रच नांदत होते. ट्रकचे जुने टायर दोरांनी लटकवलेले असायचे, दर उधाणाला त्यातले दोन-चार वाहून जायचे. बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, लागताना काँक्रीटचा टवका उडाला की आमचा सारंग, म्हणजे ती चालवणारा, म्हणायचा, "होतंच असं." पुढे काम वाढलं, बार्जचा आकार वाढला आणि हवेचे फेंडर, म्हणजे बार्ज आणि जेट्टी यांच्या मधे धक्का झेलायला घालायच्या हवा भरलेल्या रबरी उशा, घेण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. तेव्हा फेंडर म्हणजे मोठा फुगा, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षभरात ज्या चुका केल्या त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. पैसे तुम्ही रबराचे देता, पण बार्जचा मार खाते ती आतली हवा. रबर फक्त तिला धरून ठेवतं. आकार, दाब, व्हॉल्व्ह, पंक्चर, साठवण, सगळं त्या हवेभोवती फिरतं.

१. तुमच्या जागेला हवेचा फेंडर चालेल का?

तरंगता फेंडर भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत ५ मीटरच्या जवळपास फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, त्याच्या निम्म्याहूनही कमी. भिंतीला बोल्टने बसवलेलं रबर एका ठरावीक उंचीवरच उपयोगी पडतं. तरंगता फेंडर मात्र नेहमी पाण्याच्या रेषेवर, म्हणजे बार्ज जिथे टेकते तिथेच असतो.

पण त्याला पाठ टेकायला सपाट भिंत लागते. तुमची जेट्टी खांबांवर उभी असेल आणि मध्ये मोकळी असेल, तर ओहोटीला फेंडर दोन खांबांमधून आत सरकतो, आणि मग बार्ज थेट खांबाला भिडते. आमच्या जेट्टीचं एक टोक असंच होतं. तिथे आधी पोलादी चौकटीची पाठभिंत उभी करावी लागली, आणि तिचा खर्च फेंडरच्या बरोबरीने आला. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

भिंत किती उंच हवी? दाबला गेलेला फेंडर चपटा होतो आणि उंचीत वाढतो. ६० टक्के दाबला की त्याची उंची मूळ व्यासाच्या सुमारे सव्वा ते दीडपट होते. दीड मीटर व्यासाचा फेंडर दाबल्यावर साधारण दोन मीटर उंच होतो, असं धरून चाला. तेवढी भिंत सर्वांत खालच्या ओहोटीलाही हवी आणि सर्वांत वरच्या भरतीलाही. वर भिंत कमी पडली तर फेंडर जेट्टीच्या कडेवरून उसळून वर येतो. हे आम्ही पाहिलंय, आणि जवळ उभं राहून पाहण्यासारखं ते नाही.

जेट्टी मेरीटाइम बोर्डाच्या हद्दीत असेल तर पाठभिंत किंवा नवे हुक बसवण्याआधी तिथे विचारून घ्या. पक्कं बांधकाम आधी आणि परवानगी नंतर, हा क्रम महागात पडतो.

२. बार्ज किती जोराने येते ते काढा

इथेच बहुतेक जण दुकानात जाऊन "एक मीटरवाला द्या" म्हणतात. व्यास नंतर विचारायचा, आधी किलोज्यूल, म्हणजे फेंडर किती ऊर्जा झेलतो, ते विचारायचे.

सूत्र शाळेतलंच आहे: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. त्याला दोन गुणक लावायचे. बार्ज बहुधा नाकाकडून तिरकी टेकते आणि टेकताना थोडी फिरते, त्यामुळे सगळी ऊर्जा फेंडरवर येत नाही. त्यासाठी ०.५ धरतात. बार्जबरोबर पाणीही ढकललं जातं, त्याचा गुणक १ अधिक (बार्ज पाण्यात बुडते त्या खोलीची दुप्पट भागिले बार्जची रुंदी) असा निघतो. साडेतीन मीटर बुडणाऱ्या, १४ मीटर रुंद बार्जला तो १.५ येतो.

भरलेल्या बार्जचं विस्थापन, म्हणजे मालासकट एकूण वजन, ३,००० टन आणि टेकतानाचा वेग सेकंदाला १५ सेंटीमीटर धरू. ऊर्जा येते सुमारे २५ किलोज्यूल. पायलट चुकला, दोर सुटला, वारा फिरला, अशा प्रसंगासाठी दुप्पट धरा, म्हणजे ५१. आता तीच बार्ज ३० सेंटीमीटर वेगाने आली तर? वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते: १०१, आणि दुप्पट धरून २०२. तेवढ्याने दोन-तीन आकार मोठा फेंडर लागतो. म्हणून सारंगाशी आणि टगवाल्यांशी, म्हणजे बार्ज ओढणाऱ्या बोटवाल्यांशी, बोला. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढून, जेट्टीवर रंगवलेल्या खुणांवरून वेग मोजला. सारंग जो वेग सांगत होता त्याच्या जवळजवळ दीडपट निघाला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तो वेग हळूच वाटत होता.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: बार्जच्या कागदावरचं मालाचं वजन म्हणजे विस्थापन नव्हे. बार्जचं स्वतःचं वजन त्यात मिळवायचं असतं. दुसरा: "चार फेंडर लावले, म्हणजे ऊर्जा चौघांत वाटली गेली." बार्ज तिरकी येते, त्यामुळे पहिला फटका बहुतेक वेळा एकट्या फेंडरवर बसतो. प्रत्येक फेंडर तो एकट्याने झेलेल असाच घ्या.

नांगरलेल्या मोठ्या जहाजाला बार्ज लावून माल उतरवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे दोन्ही विस्थापनांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, असा एक आकडा काढतात आणि तो जहाज-ते-जहाज कामाच्या मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात शोधतात. ६०,००० टनांचं जहाज आणि ३,००० टनांची बार्ज असेल तर तो ५,७०० च्या आसपास येतो. हा आकडा वरच्या सूत्रात घालू नका, तो फक्त त्या तक्त्यासाठी आहे.

३. तक्त्यातून आकार निवडा

हवेच्या तरंगत्या फेंडरचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७३५७-१ आहे, सध्या चालू असलेली आवृत्ती २०१४ ची. त्यात दोन जाती आहेत: ५० किलोपास्कल भरायच्या आणि ८० किलोपास्कल भरायच्या. पंक्चरवाल्याच्या भाषेत सव्वासात पौंड आणि साडेअकरा पौंड. ५० वाल्यांचे काही आकडे, ६० टक्के दाबल्यावरचे:

- १ मीटर व्यास, २ मीटर लांब: ४५ किलोज्यूल
- १.२ मीटर व्यास, २ मीटर लांब: ६३ किलोज्यूल
- १.५ मीटर व्यास, ३ मीटर लांब: १५३ किलोज्यूल
- १.७ मीटर व्यास, ३ मीटर लांब: १९१ किलोज्यूल
- २ मीटर व्यास, ३.५ मीटर लांब: ३०८ किलोज्यूल
- २.५ मीटर व्यास, ५.५ मीटर लांब: ९४३ किलोज्यूल

वरच्या उदाहरणात ५१ लागतात, म्हणजे १ मीटरवाला थोडक्यात अपुरा आणि १.२ वाला योग्य. वेग दुप्पट धरला तर १.७ वालाही थोडक्यात कमी पडतो आणि २ मीटरवर जावं लागतं. "थोडक्यात" असलं की आम्ही वरचाच घेतो.

आता उलटा फटका पाहा. १.२ मीटरचा फेंडर पूर्ण दाबला गेला की भिंतीवर २९७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३० टनांचा रेटा येतो. २ मीटरवाल्याचा रेटा ८७५ किलोन्यूटन, जवळजवळ ८९ टन. जुनी, खारं पाणी मुरलेली जेट्टी असेल तर हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

शिवाय पुरता दाबलेला फेंडरही बार्जला व्यासाच्या ४० टक्के लांब ठेवतो, आणि बार्ज शांत उभी असताना जवळजवळ पूर्ण व्यासाएवढी. क्रेनचा किंवा एक्स्कॅव्हेटरचा हात तिथवर पोचतो ना, हे मोजून घ्या. एका ओळखीच्या धक्क्यावर फेंडर उत्तम बसले आणि बकेट होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या पोटाच्या, पलीकडच्या कोपऱ्यात पोचेना.

४. कोटेशन वाचताना

आपल्याकडे हवेच्या कुठल्याही फेंडरला "योकोहामा" म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. मूळ कंपनी जपानची. १९५८ साली त्यांनी हा फेंडर काढला. त्याआधी व्हेलच्या शिकारीवर जाणारी जहाजं भर समुद्रात एकमेकांना लागताना मधे मेलेला व्हेलच अडकवायची. तर, कोटेशनमध्ये "योकोहामा टाइप" लिहिलं असेल तर "टाइप" या शब्दावर बोट ठेवा. कुणी बनवला, कुठे बनवला, कोणत्या मानकाने तपासला, हे लेखी घ्या.

सगळ्यात मोठी फसगत एअरबॅगची. जहाज पाण्यात ढकलताना खाली घालतात ते लांबट रबरी रूळ दिसायला सारखेच असतात आणि स्वस्त पडतात. त्यांचं मानकच वेगळं आहे, आयएसओ १४४०९. ते लोळण्यासाठी बनवलेले असतात, दिवसेंदिवस लाटांवर घासत राहण्यासाठी नाही. मला एका विक्रेत्याने तेच फेंडर म्हणून देऊ केले होते. मी भावावर खूश होऊन जवळजवळ घेतलेही होते.

दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे आतला धागा. चांगल्या फेंडरमध्ये टायरसारखी सिंथेटिक कॉर्ड थरांनी गुंडाळलेली असते. स्वस्त मालात कन्व्हेयर बेल्टसारखं विणलेलं कापड घालतात. विणलेल्या कापडात आडवे-उभे धागे एकमेकांवर घासतात आणि वारंवार दाबलं गेलं की तिथूनच थकतात. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून लेखी मागा.

विक्रेत्याकडून घ्यायचे कागद:

- रबराच्या तपासणीचा अहवाल: ताण, लांबणे, ओझोन
- मापांचा, हवा-गळतीचा आणि पाण्याच्या दाबाचा चाचणी अहवाल, तुमच्या फेंडरच्या अनुक्रमांकासह
- त्या आकाराची ऊर्जा आणि रेटा दाखवणारा आलेख
- त्रयस्थ तपासणीचा दाखला; इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेचा असेल तर उत्तम
- जीएसटीचं बिल आणि वॉरंटी. पंक्चर तिच्यात येतं का, तेही
- दुरुस्तीचा संच आणि जादा व्हॉल्व्ह

अडीच मीटर आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या फेंडरला सेफ्टी व्हॉल्व्ह असायलाच हवा. लहानांना तो नसतो, म्हणून "व्हॉल्व्हच नाही" असं भांडू नका.

जाळीचंही ठरवा. साखळ्यांची, टायर ओवलेली जाळी जड पण दणकट असते. लहान आकार बिनजाळीचे, दोन्ही टोकांच्या कड्यांनी लटकवायचे मिळतात. बार्जच्या रंगाची काळजी असेल आणि कडा गुळगुळीत असतील तर बिनजाळीचा बरा. आमच्याकडे येणाऱ्या बार्जच्या कडेला अर्धगोल पोलादी पट्ट्या होत्या आणि त्यातली एक मोडून बाहेर आली होती. तिने आमचा नवा फेंडर तिसऱ्याच आठवड्यात हातभर चिरला. तेव्हापासून टायरची जाळी, आणि बार्ज लागण्याआधी कडेवरून एक नजर.

५. माल आल्यावर

ट्रकमधून उतरवतानाच अर्धं नुकसान होतं. फोर्कलिफ्टचे काटे रबराला लावू देऊ नका, रुंद पट्ट्याने उचला. अंगावर कोरलेली माहिती कागदाशी ताडून पाहा: मानक, आकार, भरायचा दाब, बनवल्याची तारीख, अनुक्रमांक. हवा भरून एक दिवस सावलीत ठेवा आणि व्हॉल्व्हवर, टोकाच्या झाकणाभोवती साबणाचा फेस लावून पाहा. बुडबुडा दिसला तर सही करू नका.

६. हवा भरणं

याला घाई नको. लागणारं सामान: कॉम्प्रेसर, ० ते १.६ बारचा चांगला गेज, जुळणारा नोझल, साबणाचं पाणी, वही.

गेज हा पहिला सापळा. टायरच्या गेजवर सव्वासात पौंड म्हणजे काटा जागचा हलल्यासारखाही वाटत नाही. आमच्या पोराने "अजून भरला नाही" म्हणत २० पौंडांपर्यंत नेला होता. जास्त हवेने फेंडर चिवट होत नाही, कडक होतो. बार्ज त्याच्यावरून उसळते आणि रेटा भिंतीवर जातो. कमी हवेचा तोटा उलटा: तो पार चपटा होतो आणि पोलाद काँक्रीटला भिडतं.

दुसरा सापळा ऊन. पहाटे २० अंशांना ५० किलोपास्कल भरलेला फेंडर दुपारी आतली हवा ३५ अंशांवर गेली की गळती नसताना, कुणी हात न लावता, ५७-५८ दाखवतो. काळं रबर उन्हात हवेपेक्षाही जास्त तापतं. मग कुणीतरी "जास्त झाली" म्हणून सोडतो, आणि दुसऱ्या पहाटे फेंडर नरम. दाब नेहमी सूर्य वर येण्याआधी मोजा, आणि वहीत आकड्याशेजारी तापमान लिहा.

सुरक्षेचं एवढंच: टोकाच्या झाकणासमोर कधीही उभं राहू नका. झाकण ३० सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर ५० किलोपास्कलला त्याच्यावर आतून साडेतीनशे किलोंचा रेटा असतो. बार्ज दाबत असताना तो दुपटीच्याही वर जातो. झाकणाचा एकही बोल्ट हवा पूर्ण काढल्याशिवाय सैल करायचा नाही. "थोडीच हवा आहे" हे वाक्य जेट्टीवर चालू देऊ नका.

७. लटकवणं

साखळी किंवा दोर भरतीच्या वेळी बांधाल तर ओहोटीला फेंडर हवेत लटकेल, आणि सगळं वजन, जाळीसकट, दोन शॅकलवर, म्हणजे साखळी जोडणाऱ्या पोलादी कड्यांवर, येईल. आमचा पहिला असाच लटकला. सकाळी खाली पाणी, वर फेंडर, आणि खलाशी हसत उभे. सर्वांत खालच्या ओहोटीलाही फेंडर पाण्यावर तरंगेल एवढी ढील द्या. भरतीला ती ढील सैल पडून फेंडर आडवा भरकटतो, म्हणून दोन्ही टोकांना तिरके दोर द्या किंवा साखळीला मधे वजन बांधा. शॅकलच्या पिनला तार गुंडाळा, लाटांच्या हेलकाव्याने ती हमखास फिरते.

८. देखभाल

रोज: फेंडर आहे का, आडवा आहे का, साखळी कुठे घासतेय का. पाच मिनिटांचं काम.

दर आठवड्याला पहाटे दाब. आम्ही तापमानाचा फरक वजा करून ४५ च्या खाली गेलेला दिसला की भरतो. एकच फेंडर दर आठवड्याला मागत असेल तर भरत बसू नका, गळती शोधा. दहापैकी आठ वेळा ती व्हॉल्व्हमध्ये असते, मिठाचा कण अडकलेला असतो. म्हणून व्हॉल्व्हची टोपी हरवू देऊ नका.

महिन्यातून एकदा साखळी. कडी जिथे कडीत बसते तिथली जाडी मोजा. मूळ जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी झिजली की आम्ही तो तुकडा बदलतो. जाळीतले टायरही फिरवा, कारण एकच बाजू सतत मार खाते.

कालवं आणि बार्नकल आपल्या कोमट पाण्यात झपाट्याने धरतात. कोयता, खुरपं अजिबात नको. लाकडी पट्टीने खरवडा आणि वॉशरचं पाणी हातभर लांबून मारा. फेंडर वर काढल्या दिवशीच करा. वाळली की दगड होतात, आणि वासाने जेवण जात नाही ते वेगळंच.

९. चिरला किंवा पंक्चर झाला तर

वरचं रबर खरचटलं तर घाबरू नका, नोंद करा. धागा दिसायला लागला की तो फेंडर त्याच दिवशी बाहेर. पाणी धाग्यातून आत पसरतं आणि महिन्याभरात फुगवटा येतो. खिळ्याएवढं भोक संचातल्या गुडदीने बंद होतं. कॉर्ड तुटलेली असेल तर गरम व्हल्कनायझिंगच, म्हणजे उष्णतेने रबर एकजीव करणंच, लागतं. ट्रकच्या टायरवाल्याचं थंड पॅच लावून चालवलं तर ते दाबाखाली सुटतं, आणि नेमकं बार्ज टेकताना सुटतं. दुरुस्तीनंतर पुन्हा गळती-चाचणी घ्या आणि कारागिराकडून कागद घ्या.

१०. पावसाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात, जूनचा पहिला वारा यायच्या आत, फेंडर उचला. जाळी काढून साखळ्यांना ग्रीस लावा. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. हवा पूर्ण काढू नका, अंग घडी न पडता गोल राहील एवढी ठेवा. घडी पडली की तिथेच रबर तडकतं. खाली लाकडी ओंडके, वर ताडपत्री, एकावर एक रचायचे नाहीत. डिझेलचे पिंप आणि वेल्डिंगचं काम लांब. आमच्या शेडमध्ये उंदीर आहेत म्हणून व्हॉल्व्हभोवती पत्र्याचा डबा उलटा बसवतो.

नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला तरी फेंडर थेट पाण्यात सोडू नका. आधी पूर्ण दाबाला भरा, एक रात्र ठेवा, पहाटे पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे वहीच्या नव्या पानावर लिहून मगच क्रेनवाल्याला बोलवा.